एक, नऊ, नऊ, आठ आणि हॅश

"एक, नऊ, नऊ, आठ! आणि मग खालचं हॅश दाबा, हॅश!"

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी गॅलरीच्या कठड्यावरून वाकून सांगताहेत. खाली दुधाच्या आणि किराण्याच्या पिशव्या सांभाळत उभा असलेला डिलिव्हरीचा मुलगा हेल्मेटची काच वर सारतो आणि अंगठ्याने आकडे दाबतो. टीं वाजतं, तांबडा दिवा हिरवा होतो, वरच्या चुंबकाने धरून ठेवलेलं काचेचं दार सुटतं आणि तो आत जातो. समोरच्या फुटपाथवर इस्त्रीवाला कोळसे पेटवतोय. शाळेच्या रिक्षाची वाट बघत दोन मुलं आणि त्यांचे आजोबा उभे आहेत. भाजीची हातगाडी नुकतीच लागली आहे. आकडा सगळ्यांनी ऐकला, पण मान एकानेही वर केली नाही. या गल्लीत तो सगळ्यांना तोंडपाठ आहे.

सकाळचे सात वाजून गेलेत. कर्वे रस्त्याच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या सोसायटीच्या दाराशी, वॉचमनकाकांच्या केबिनलगतच्या कट्ट्यावर मी बसले आहे. आज हे कीपॅडचं कुलूप बदलायचं आहे आणि कामावर लक्ष ठेवायचं मी आपणहून मागून घेतलं आहे. गेल्या महिन्यात जिन्याखालून एक गिअरची सायकल गेली. कुलूप फुटलं नव्हतं, काच तडकली नव्हती, कोणी काही पाहिलं नव्हतं. तेव्हापासून इमारतीत कोणाकोणाची नावं घेतली जाताहेत ते मी ऐकते आहे, आणि ते मला सोसवत नाही. म्हणून कोणाकडे बोट दाखवण्याआधी हे दार नीट बघायचं ठरवलं आहे.

कीपॅड अगदी जवळून बघते. काळ्या प्लॅस्टिकची तळहाताएवढी डबी, रबराच्या बारा कळा, वर पांढऱ्या रंगात छापलेले आकडे. त्यांतल्या दोन, तीन, चार, पाच, सहा, सात आणि शून्य या कळांवरचे आकडे कोरे करकरीत आहेत, कडेला धुळीची बारीक रेघसुद्धा साचली आहे. एक आणि आठ हे आकडे पुसट झालेत. नऊवरचा रंग जवळपास उडालाच आहे, आतला निळा दिवा तिथून सर्वांत जास्त झळकतो. हॅशची कळ तर मधोमध खोलगट झाली आहे.

ही डबी वाचायला काही कसब लागत नाही. चार आकडी कोडच्या एकंदर 10,000 शक्यता असतात, हे आपण कुलूप घेताना ऐकतो आणि निर्धास्त होतो. पण झिजलेल्या कळा तीनच आहेत हे एकदा दिसलं की शक्यता उरतात 36. त्यांतली नऊची कळ सगळ्यांत जास्त झिजली आहे, म्हणजे नऊ दोनदा येत असणार, एवढं लक्षात आलं की उरतात 12. बाराच्या बारा दाबून बघायला एक मिनिट पुरतं. आणि एवढंही करायची गरज नाही. दाराच्या डाव्या हाताला सोसायटीच्या नावाचा संगमरवरी फलक आहे, त्यावर नोंदणी क्रमांक आहे आणि क्रमांकाच्या शेवटी साल कोरलं आहे: 1998.

लक्षात राहावं म्हणून साल ठेवायचं, ही खोड आमच्याच कमिटीची नाही. निक बेरी या अभ्यासकाने 2012 साली फुटलेल्या पासवर्डांमधून सुमारे 34 लाख चार आकडी कोड काढून मोजले, तेव्हा जवळजवळ 11 टक्के लोकांनी 1234 हाच कोड ठेवलेला निघाला, आणि एकोणीसशेने सुरू होणारी सालं यादीत सगळीकडे वरच्या बाजूला होती. माणूस आकडा निवडतो तो स्वतःला आठवावा म्हणून. जे आपल्याला सहज आठवतं ते शेजाऱ्याला सहज सुचतं.

पेपरवाला येतो. तो कीपॅडकडे बघतही नाही. दाराला लागून लोखंडी ग्रिलची खिडकी आहे, तिच्यातून हात कोपरापर्यंत आत घालतो, भिंतीवरचं हिरवं एक्झिट बटण चाचपडत दाबतो आणि दार ढकलतो. बटण बाहेर पडणाऱ्यांसाठी आहे. लावणाऱ्याने ते ग्रिलपासून वीतभर अंतरावर लावलं, कारण वायर तेवढीच पुरत होती.

"रोजच असं करतो का हा?" मी काकांना विचारते.

"रोजच. दोन्ही हातांत पेपर असतात ना. आकडे कुठं दाबत बसणार?"

काकांच्या आवाजात तक्रार नाही, आणि मलाही त्या मुलाची तक्रार करायची नाही. त्याला पुढच्या तासाभरात आणखी कितीतरी इमारती उरकायच्या आहेत. ग्रिल, बटण आणि वायर आम्ही लावून घेतली, तो फक्त जवळची वाट धरतो.

आठ ते नऊ दार जवळजवळ मिटतच नाही. ऑफिसला निघालेला एक जण बाहेर पडतो आणि मागून येणाऱ्या कुरिअरवाल्यासाठी दार धरून ठेवतो. आजी मंदिरातून येतात, त्यांच्यासाठी गॅसचा सिलिंडर आणणारा माणूस दार धरतो आणि आजींच्या मागोमाग स्वतःही आत जातो. कोणी कोणाला विचारत नाही. विचारणं आपल्याकडे उद्धटपणाचं वाटतं, आणि पिशव्या घेतलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावणं तर त्याहून. दार धरून ठेवणं ही चांगलीच सवय आहे, ती मोडावी असं मी कधीच म्हणणार नाही. मात्र ही सवय जिथे आहे तिथे एका दारावर सगळी भिस्त ठेवता येत नाही, हे कुलूप घेतानाच लक्षात घ्यायला हवं होतं.

केबिनमध्ये कॅमेऱ्याचा पडदा आहे. चार चौकोनांपैकी पहिल्यात हेच दार दिसतं. कॅमेरा नेमका कीपॅडच्या वर, तिरका खाली बघणारा. येणाऱ्याच्या चेहऱ्याऐवजी टोपी, टक्कल, ओढणी दिसते आणि बोटं मात्र स्वच्छ दिसतात. कोण कोणती कळ दाबतो ते पडद्यावर वाचता येतं. पडदा खिडकीकडे तोंड करून ठेवला आहे, म्हणजे रस्त्यावर उभं राहिलं तरी तो दिसतो. त्याच्या शेजारी दोरीला पेन बांधलेलं व्हिजिटर रजिस्टर उघडं पडलं आहे. नाव, मोबाइल, कुठून आलात, कोणाकडे, वेळ, सही. मी सहज पान उलटते. फ्लॅट 502 समोर तीन दिवस "घरी नाही, परत पाठवले" असा शेरा आहे. बाहेरच्या कोणालाही सही करता करता हे वाचता येईल. काकांच्या टेबलाच्या खणात घरकामाच्या सगळ्या बायकांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स आहेत. खणाला कुलूप नाही.

काका हे सगळं मला दाखवतात, कारण मी विचारते आहे. आजवर कोणी विचारलं नव्हतं. बारा तासांची ड्यूटी, पंप चालू-बंद करणं, गाड्या लावून देणं, पार्सलं घेणं, आणि यातून मिळालेल्या वेळात दाराची राखण. चोरी झाली की पहिला सवाल त्यांनाच होतो.

साडेनऊला लॉकवाला येतो. पंचविशी-तिशीतला, पाठीवर सॅक, हातात बुधवार पेठेतून, पासोड्या विठोबापाशी घेतलेल्या मालाचं खोकं. गेली काही वर्षं हेच काम करतोय, असं सांगतो. आल्या आल्या तो कीपॅडला हात लावत नाही. आधी दार बंद होऊ देतो आणि मग दांडा धरून एकच हिसका देतो. दार उघडतं. कोड नाही, दिवा नाही, टीं नाही.

काका उठून उभे राहतात.

लॉकवाला स्टुलावर चढून चुंबकाखालची लोखंडी पट्टी बोटाने तपासतो. एका टोकाला करड्या फोमची चिकटपट्टी लावलेली आहे. हे चुंबकी कुलूप, ज्याला हे लोक ईएम लॉक म्हणतात, 600 पौंडांचं आहे, म्हणजे सुमारे 270 किलोंची ओढ सहन करणारं. पण ते तेव्हाच, जेव्हा पट्टी चुंबकाला सपाट, काठोकाठ चिकटते. मध्ये कागदाएवढी फट पडली तरी जोर झपाट्याने उतरतो. इथे पट्टी तिरकी बसते आहे.

"हे कोणी लावलं?"

काकांना माहीत आहे. पहिल्या मजल्यावरचे आजोबा आजारी होते. रात्री-बेरात्री दार धाडकन आपटायचं, त्यांची झोप मोडायची. दाराच्या क्लोजरमधलं तेल गळून गेलं होतं, म्हणून ते आपटत होतं. क्लोजर बदलायचा तर कमिटीची मंजुरी लागणार होती. तेव्हा आजोबांच्या मुलाने फोमची पट्टी आणून लावली. आवाज थांबला. आजोबा बरे झाले, पट्टी तशीच राहिली.

मला ही गोष्ट या सकाळभरातली सगळ्यांत महत्त्वाची वाटते. दार कमजोर करणारा मुलगा वडिलांची काळजी करत होता. कुलपांच्या जाहिरातीत चोर दाखवतात, हातात पहार, तोंडाला फडकं. प्रत्यक्षात दार सैल होत जातं ते घरातल्याच माणसांच्या साध्या गरजांनी: झोप, घाई, भरलेले हात, अपुरी वायर. त्या गरजांना कुलूप लावतानाच जागा द्यावी लागते, नाहीतर माणसं आपापली जागा करून घेतात.

लॉकवाला आता कीपॅडखालचा एकुलता एक बारीक स्क्रू काढतो आणि डबी भिंतीवरून उचलतो. मागे रंगीबेरंगी वायरींचा जुडगा. कोड तपासणारा भाग आणि चुंबकाचा पुरवठा तोडणारा रिले, दोन्ही याच डबीत आहेत.

"ताई, ही पाहा मुख्य गडबड. आत घ्यायचं का नाही, हे ठरवणारी वस्तू बाहेर रस्त्यावर टांगलीय. एका स्क्रूवर. मग आकडा चार काय, आठ ठेवला तरी उपयोग नाही."

"मग कुठे असायला हवी?"

"बाहेर नुसत्या कळा. ठरवणारा बोर्ड आत, मीटररूममध्ये, कुलपात. बाहेरून फक्त आकडा आत जाणार. मग बाहेरची डबी तोडा, उपटा, काही करा, दार हलणार नाही."

मग तो सॅकमधून कीपॅडसोबत आलेल्या जुन्या माहितीपत्रकासारखंच एक पत्रक काढतो, त्यात छापलेला कंपनीचा मास्टर कोड दाबतो. दिवा लुकलुकायला लागतो. कीपॅड सेटिंगमध्ये गेला. बसवल्या दिवसापासून तो कोड कोणी बदललेलाच नाही. हे पत्रक त्या मॉडेलच्या प्रत्येक खोक्यात येतं. याच सेटिंगमध्ये, चुकीचा कोड लागोपाठ दाबला तर काही मिनिटं कीपॅड गप्प करायची सोय आहे. तीही बंद. म्हातारी माणसं अडकतात म्हणून सुरुवातीलाच बंद करून घेतली होती, असं काका सांगतात.

काम करता करता तो त्याच्या अनुभवातल्या आणखी वाईट कुलपांविषयी सांगतो. काही स्वस्त कीपॅडना हॅश लागतच नाही. शेवटचे चार आकडे जुळले की दार उघडतं, मग त्याआधी काहीही दाबलेलं असो. "तिथं दहा हजार कोडसाठी चाळीस हजार वेळा दाबावं लागत नाही, एवढं मला माहितीय. का, ते नाही सांगता येत."

का, ते मला सांगता येतं, आणि तेही शाळेत शिकलेल्या गोष्टीवरून. वृत्तं शिकताना आपण सगळ्यांनी "यमाताराजभानसलगा" घोकलेलं असतं. दहा अक्षरं. पहिली तीन घ्या, य-मा-ता, की य गण मिळतो: लघु, गुरू, गुरू. एक अक्षर पुढे सरका, मा-ता-रा, म गण. आणखी एक सरका, ता-रा-ज, त गण. असं करत शेवटच्या स-ल-गा पर्यंत आठही गण मिळतात. आठ गण वेगवेगळे लिहायचे तर 24 अक्षरं लागली असती, एकमेकांत गुंफले म्हणून दहा पुरली. मी कागदावर लिहून त्याला दाखवते. हीच गुंफण आकड्यांची करता येते. डच गणिती निकोलास द ब्रॉइन यांनी अशा मालिकांवर 1946 साली लिहिलं आणि त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. चार आकडी दहाच्या दहा हजार कोड 10,003 कळांच्या एकाच सलग माळेत बसतात. सेकंदाला एक कळ दाबली तरी पावणेतीन तासांत माळ संपते. हॅशची सक्ती असली की ही वाट बंद होते, कारण मग प्रत्येक कोड वेगळा दाबावा लागतो. म्हणून ती खोलगट झालेली हॅशची कळ, जिला सगळे वैतागतात, ती आमच्या दाराचं त्यातल्या त्यात भलं करत होती.

तो कागद घडी घालून खिशात ठेवतो. "गिऱ्हाइकाला हे असं समजावून सांगता येईल," म्हणतो.

"कोडऐवजी टॅगच दिले तर?" काका विचारतात. त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात पार्किंगच्या बूमचा निळा टॅग आहे. लॉकवाला तो मागून घेतो, सॅकमधलं टीव्हीच्या रिमोटसारखं एक यंत्र त्यावर टेकवतो, मग एका कोऱ्या टॅगवर टेकवतो. दोनदा टीं. कोरा टॅग काकांच्या हातात देतो. काका तो बूमपाशी नेऊन दाखवतात आणि आडवा दांडा वर जातो. हे जुने 125 किलोहर्ट्झचे टॅग कोणीही विचारलं की आपला ठरलेला नंबर सांगून टाकतात. विचारणारा खरा रीडर आहे की दुसरं कोणी, हे त्यांना कळतच नाही. त्यानंतर आलेल्या आणि जगभर खपलेल्या मायफेअर क्लासिक कार्डांमध्ये गुप्तलेखन होतं, पण नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2008 सालीच ते फुटतं हे दाखवून दिलं. आता कार्ड आणि रीडर दोघेही एकमेकांची खातरी करून घेतात अशी कार्डं मिळतात. महाग आहेत, पण आवाक्याबाहेर नाहीत. विक्रेत्याला नेमका प्रश्न विचारला तरच तो ती काढून दाखवतो.

दहा वाजतात आणि वीज जाते. आज गुरुवार, महावितरणच्या दुरुस्तीचा दिवस. लिफ्ट थांबते, पंप थांबतो, केबिनमधला पडदा काळा होतो. आणि दार, कोणीही न ढकलता, क्लोजर सैल असल्यामुळे हळूच चार बोटं उघडतं.

बॅटरीचा डबा उघडून लॉकवाला मीटर लावतो. बॅटरी मेलेली आहे, बाजूने फुगलेली. तिचं आयुष्य तीन-चार वर्षांचं असतं, ही बसवल्यापासून बदललेली नाही. म्हणजे किती गुरुवार हे दार असं उघडं राहिलं असेल!

एवढ्यात सेक्रेटरी खाली येतात. बँकेतून निवृत्त झालेले, हिशोबाला चोख, सोसायटीसाठी दिवसाचे कितीतरी तास फुकट देणारे गृहस्थ. उघडं दार बघून ते चिडतात.

"वीज गेल्यावर दार उघडणारं कुलूप कुठल्या शहाण्याने दिलं? वीज गेली की घट्ट बंद होईल असं काहीतरी लावा हो."

"तसं नाही लावायचं, साहेब," लॉकवाला स्टुलावरून उतरतो. "आग लागली की पहिली लाईट जाते. तेव्हा दार बंद राहिलं तर सात मजल्यांची माणसं इथं काचेवर येऊन थडकतील."

तो बरोबर सांगतो आहे. राष्ट्रीय इमारत संहितेतही, सुटकेच्या वाटेवरचं दार आतून किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे, असं म्हटलं आहे. वीज गेल्यावर सुटणं हा या कुलपाचा दोष नाही, तो त्याचा गुणच आहे. दोष मेलेल्या बॅटरीचा आणि ती न तपासण्याचा. आत येऊ न देणं आणि बाहेर पडू देणं ही दोन्ही कामं एकाच दाराला करायची असतात, आणि दुसरं काम अडून पहिलं साधणार असेल तर मला ते कुलूप नको. सेक्रेटरी थोडा वेळ गप्प राहतात, मग डायरीत लिहितात: बॅटरी, दर तीन वर्षांनी, तपासणी दर सहा महिन्यांनी.

पावणेअकराला मावशी येतात. या इमारतीतली सात घरं करतात, गेली कित्येक वर्षं. दार उघडं दिसतंय तरी त्या बाहेरच थांबतात आणि काकांना म्हणतात, "कोणाला तरी खाली बोलवा."

सायकल गेल्यावर कमिटीने ठराव केला आहे: घरकाम करणाऱ्या स्त्रियांना कोड देऊ नये, त्यांनी घरमालकाला खाली बोलावून आत यावं. ठराव झाला, आकडा मात्र बदलला नाही. त्याआधी सेक्रेटरींसह तिघांनी मावशींना ऑफिसात बसवून विचारलं होतं, कोड कोणाला सांगितला म्हणून. हेच ते, जे मला सोसवत नाही.

"मावशी, या ना आत," मी म्हणते.

"नको ताई. आत आले नि उद्या काही गेलं तर?" त्या सेक्रेटरींकडे बघत नाहीत. "मी कोड मागितला नव्हता. वहिनींनीच दिला, खाली यायला लागू नये म्हणून. पेपरवाल्याला ठाऊक, केबलवाल्याला ठाऊक, मागच्या वर्षी गेलेल्या भाडेकरूंना ठाऊक. मलाच का विचारलं?"

सेक्रेटरी काही उत्तर देत नाहीत. त्यांच्याजवळ उत्तर नाही, आणि ते खोटं बोलणारे नाहीत.

मी लॉकवाल्याला विचारते, या जुन्या कीपॅडमध्ये किती कोड ठेवता येतात.

"हजार."

"आणि भरलेत किती?"

"एक."

तो नुसती माहिती सांगतो आहे, पण सेक्रेटरी डायरीतून मान वर करतात. हजार वेगवेगळ्या माणसांना हजार वेगवेगळे आकडे देता आले असते, या जुन्या डबीतसुद्धा. भाडेकरू गेला की त्याचा आकडा काढून टाकता आला असता. पेपरवाल्याचा आकडा सकाळी सहा ते आठच चालावा अशी सोय नव्या बोर्डात आहे. डिलिव्हरीसाठी एकदाच चालणारा आकडा काढता येतो. यांतलं काहीच केलं नाही. इमारतीतले सगळे, सोडून गेलेले सगळे आणि येणारे-जाणारे सगळे एकच आकडा दाबत राहिले, आणि सायकल गेली तेव्हा दाराकडे कोण आलं याचं उत्तर नव्हतं. जिथे उत्तर नसतं तिथे संशय उरतो, आणि संशय नेहमी उतरंडीच्या खालच्या माणसावर जाऊन बसतो. फ्लॅटमालकांपैकी एकालाही कोणी ऑफिसात बोलावलं नाही. ज्या वहिनी रोज गॅलरीतून आकडा ओरडतात, त्यांनाही नाही.

हे मी सेक्रेटरींना तोंडावर सांगते. आवाज चढतो माझा, चढू देते.

ते ऐकून घेतात. मग मावशींना म्हणतात, "तुम्हाला बसवून विचारलं ते चुकलं आमचं. ठराव मी पुढच्या मीटिंगला मागे घ्यायला लावतो." आणि लॉकवाल्याकडे वळतात. "प्रत्येकाला वेगळा आकडा. आजच सुरू करा."

दुपारी वीज येते. नवा बोर्ड मीटररूममध्ये बसला आहे, नवी बॅटरी जोडली आहे, फोम काढून पट्टी घासून सपाट केली आहे, एक्झिट बटण ग्रिलपासून लांब, समोरच्या भिंतीवर गेलं आहे. बाहेर आता स्टीलचा कीपॅड आहे, आकडे धातूत कोरलेले. आकडे पुसले जाणार नाहीत एवढा त्याचा फायदा आहेच, शिवाय आणखी एक आहे. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 साली दाखवलं होतं की प्लॅस्टिकच्या कळांवर बोटांची ऊब काही काळ टिकते आणि उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याला नुकत्याच दाबलेल्या कळा दिसतात. धातूच्या कळांवर त्यांना असा माग जवळपास मिळालाच नाही. आमच्या गल्लीत असा कॅमेरा घेऊन कोणी येईल असं मला वाटत नाही. कळांवर बोटांची चमक मात्र स्टीलवरही चढेल. पण इतके वेगवेगळे आकडे दाबले जाणार असतील तर ती सगळ्याच कळांवर सारखी चढेल, आणि मग तिच्यातून काही वाचता येणार नाही. कॅमेराही काकांनी काठीने वळवून घेतला आहे, आता त्यात चेहरे दिसतात.

आकडे भरायचं काम सुरू होतं. सहा आकडी. साल नको, वाढदिवस नको, गाडीचा नंबर नको, असं लॉकवाला प्रत्येकाला सांगतो. यंत्रच आकडा देईल, तो पाठ करा. सेक्रेटरी यादी करताहेत. मावशी सातही घरं आटोपून खाली येतात, यादीकडे बघतात.

"यात माझी येण्याची वेळ लिहिली जाणार?"

"हो. कोण कधी आलं, ते बोर्डात राहतं," लॉकवाला सांगतो.

"मग तुमची पण?" हा प्रश्न सेक्रेटरींना.

"माझीही. सगळ्यांचीच."

"आणि बघणार कोण? उद्या वहिनी म्हणायच्या, दहा मिनिटं उशिरा आलात, पगार कापा."

हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता, सेक्रेटरींच्याही नाही. काही वेळ चर्चा होते. शेवटी ते डायरीत नियम लिहितात आणि मोठ्याने वाचून दाखवतात: नोंदी तीस दिवसांनी पुसायच्या, चोरीची तक्रार असेल तरच दोन कमिटी सदस्यांनी मिळून उघडायच्या, हजेरीसाठी कोणालाही द्यायच्या नाहीत. आधारच्या झेरॉक्सही आजपासून ऑफिसच्या कपाटात, कुलपात. मावशी दोनदा वाचायला लावतात आणि मग आपला आकडा घेतात.

"झालं ना सगळं?" सेक्रेटरी पाकीट काढत विचारतात.

लॉकवाला पार्किंगकडे बोट दाखवतो. उतारावरून खाली गेलं की तळात लिफ्टकडे जाणारं दुसरं दार आहे, साधं लाकडी, त्याला कडीसुद्धा नाही. सायकल जिथून गेली त्या जिन्यापासून ते दार दहा पावलांवर आहे. आम्ही सगळे खाली जाऊन बघतो. दार उघडं राहावं म्हणून त्याच्याखाली विटेचा तुकडा सारलेला आहे, कारण गाडीतून सामान काढून नेताना ते मध्ये येतं.

"याला क्लोजर, कुलूप आणि वेगळा कीपॅड. शनिवारी करून देतो. आणि इथं सामान ठेवायला एक ट्रॉली घ्या, म्हणजे दार कोणी अडकवून ठेवणार नाही."

"ट्रॉली? ती कशाच्या बजेटमध्ये बसवू?" सेक्रेटरी विचारतात, आणि उत्तराची वाट न बघता डायरीत लिहूनही घेतात.